चंदेरी कागदाची खोली

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मग मधेच कोणी विचारायला नको. मी होते, पलंगावर. माझा मुलगा स्टुलावर चढलेला, हातात चमचा. माझी सून त्याचं स्टूल धरून उभी. माझी नात दारात, शाळेच्या कपड्यांत. आणि सुनेच्या फोनमध्ये हॉस्पिटलची केरळची सिस्टर, व्हिडिओवर. ती सारखी म्हणत होती, "धीरे से भैया, पूरा एकदम मत निकालो." एवढीच माणसं. मुलगा चमच्याच्या दांड्याने खिडकीच्या काचेवरचा चंदेरी कागद खरवडत होता. चपात्या गुंडाळतात तो कागद. त्यानेच लावलेला, त्यालाच काढायची वेळ आली.

मी काहीच बोलत नव्हते. त्याच्या आधीचे कितीतरी दिवस बोलले नव्हते.

हे मी सांगते आणि सून लिहून घेते. मी 'नाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. लिहू दे. शाळेत ती गेली, मी नाही. म्हणजे गेले होते, पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन. तो रडला की मास्तर दोघांनाही बाहेर घालवायचे. तो फार रडायचा. त्यामुळे अक्षर काही माझ्या हाती लागलं नाही.

माझे मालक इथेच होते, अबुधाबीला, मुसफ्फात. तिथे लोखंडाची कामं चालतात. हे वेल्डिंग करायचे, कॅम्पात राहायचे, दोन वर्षांनी एकदा गावी यायचे. आले की पहिले दिवस डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडून असायचे. म्हणायचे, "मी माझी काच धरतो गो, पण शेजारचा कधी ठिणगी पाडेल ते काय सांगून पाडतो? डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं." तेव्हापासून मला ठाऊक, उजेडसुद्धा माणसाला भाजतो.

मी गावी काजूच्या कारखान्यात होते. टरफल फोडताना चीक उडतो, तो हाताची सालं काढतो. राख लावायची नि परत बसायचं. माझ्या बोटांवर रेषा राहिल्या नाहीत. इथे आल्यावर ओळखपत्राला बोटं लावायला सांगितली तर मशीनने मला ओळखलंच नाही. तिथली बाई परत परत पुसून लावायला सांगते. मी मुलाला म्हटलं, सांग तिला, ही बोटं काजूने खाल्ली.

कारखान्यात सगळ्या बायका मिश्री लावायच्या. सकाळी भाजलेली तंबाखू दातांना चोळली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही. मीही लावायची. हे तिकडे तंबाखू खायचे, मी इकडे मिश्री लावायची.

मग ह्यांच्या तोंडात झालं. कंपनीने परत पाठवलं. मुंबईला नेलं, जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला. डॉक्टरांनी त्यांचं काम केलं, माझी तक्रार नाही, त्यामुळे ते आणखी थोडे जगले. पण बोलणं गेलं. हे शाळा शिकलेले, मग मुलाच्या पाटीवर लिहायचे. मला दाखवायचे. मी बघायची, पांढऱ्या रेघा नुसत्या. मुलगा शाळेतून यायचा संध्याकाळी, तोवर पाटी तशीच ठेवायची, पुसू द्यायची नाही. मुलगा वाचायचा, "आये, बाबा म्हणतात, पाणी गरम हवं होतं." ते सकाळचं. संध्याकाळी मी पाणी गरम करून द्यायची, ते हसायचे. अर्ध्या तोंडाने.

म्हणून इथे रीम आयलंडवर मुलाच्या घरी राहत असताना माझ्या गालात आतून डाग निघाला, तेव्हा मला मरणाची भीती नाही वाटली. मी म्हटलं, ह्यांचं तोंड गेलं तर पाटी होती. माझं तोंड गेलं तर काय? मला लिहिता येत नाही. माझं सगळं तोंडातच आहे.

डाग सुनेने धरला. माझी सून पुण्याची, ऑफिसात जाते, तिचं लक्ष चौफेर. मी एका बाजूने जेवते, चटणी बाजूला सारते, हे तिने बघितलं. म्हणाली, "आई, तोंड उघडा." मी म्हटलं, "सासूचं तोंड बंद करायला बघतात सुना, तू उघडायला सांगतेस?" तिला हसू नाही आलं. तिने फोनची बॅटरी लावली, बघितलं, आणि तशीच उभी राहिली. नात मागून म्हणाली, "मम्मा, व्हॉट इज इट?" सून म्हणाली, "काही नाही." पण दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई होती, अरब, कुठल्या देशाची ते मला नाही सांगता येणार. मला 'मामा' म्हणायची, म्हणजे त्यांच्यात आई. ती इंग्लिशमध्ये बोलायची, ही केरळची सिस्टर मला हिंदीत सांगायची. तुकडा तपासला. कॅन्सरच, पण वरवर होता, खोल गेलेला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाली, ऑपरेशन करता येईल, गालाचा भाग काढावा लागेल, डाग जिभेच्या मुळाजवळ आहे. नाहीतर एक नवीन औषध आहे. अजून सगळ्यांना देत नाहीत, तपासून बघतायत. डाग लहान आहे म्हणून तुम्हाला विचारते. नको म्हणालात तरी राग नाही.

मी विचारलं, "बोलता येईल?"

ती म्हणाली, "इन्शाल्ला."

मी सिस्टरला म्हटलं, "इन्शाल्ला नको, हो की नाय ते सांग म्हणावं."

सिस्टर हसली. "अम्मा, इधर तो लिफ्ट भी इन्शाल्ला आता है." पण तिने विचारलं. डॉक्टरीणबाईने माझा हात धरला आणि सांगितलं की वचन देता येत नाही, पण ह्या औषधाने चांगलं मांस कमी जातं, म्हणून आशा जास्त. मला ते आवडलं. खोटं नाही बोलली.

औषध कसं काम करतं ते तिने मला दोनदा समजावलं. मला. मुलाला नाही, मला समोर बसवून. इतके बारीक कण असतात की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते कण सुईने रक्तात सोडायचे. सगळ्या अंगात फिरतात, पण रोगाच्या जागी जास्त साठतात. नुसते पडून राहिले तर काही करत नाहीत. नुसता उजेडही काही करत नाही. ठरावीक रंगाचा उजेड त्या कणांवर पडला की मग तेवढ्या जागेपुरता रोग जळतो.

सून म्हणाली, "आई, म्हणजे आपल्यासारखंच. सासू एकटी गरीब, सून एकटी गरीब. एका ओट्यावर आल्या की भडका."

मी म्हटलं, "बरोब्बर. आता मला समजलं."

सिस्टरने तेही डॉक्टरीणबाईला सांगितलं. ती एवढी हसली की तिचा चष्मा खाली आला. म्हणाली, आता मी सगळ्यांना असंच सांगणार.

पण त्यात एक अडचण. कण अंगभर फिरतात, कातडीतही राहतात. त्यामुळे पुढचे काही आठवडे ऊन टाळायचं, झगझगीत दिवे टाळायचे, नाहीतर कातडी भाजेल. आणि ह्या बेटावर घरं कसली? वरपासून खालपर्यंत काच. सकाळपासून ऊन घरात. मुलगा म्हणाला, "आये, तू काळजी करू नको. हे काम मला येतं."

त्याला येत होतं ते खरं. तो पहिल्यांदा आला तेव्हा दुबईत करामाला राहायचा, एका खोलीत खूप पोरं, कोणी दिवसा कामाला, कोणी रात्री. दिवसा झोपणाऱ्यांसाठी खिडकीला हा चंदेरी कागद लावायचे, म्हणजे भरदुपारी अंधार, आणि खोलीही तापत नाही. त्याने तशीच माझी खोली केली. काचा गुंडाळल्या. चीर दिसली की चिकटपट्टी. मग मीही माझं शहाणपण घातलं. बाळंतिणीच्या खोल्या मी काही कमी नाही बघितल्या. वारा नको, उजेड नको, दाराखाली जुनं लुगडं खुपसायचं, डोक्याला फडकं. मी सुनेला सांगत होते, "तिथे अजून फट दिसते बघ." नात म्हणाली, "आजी, आर यू हॅविंग अ बेबी?" आम्ही तिघंही हसलो. दिवा मालवला तर स्वतःचा हात दिसत नव्हता. मुलगा म्हणाला, "खलास. आता बाहेरचा एक किरण येणार नाही." त्याला फार बरं वाटलं. मलाही. एवढी आमची माया त्या कागदात होती.

औषध दिलं. ते अंगात मुरेपर्यंत त्या खोलीत राहिले. मग मला गुंडाळून नेलं, हातमोजे, काळा चष्मा, चेहऱ्यावर ओढणी. हॉस्पिटलात बुरख्यातल्या बायका बसलेल्या, त्यांच्यात मी शोभून गेले.

आणि आता मी जे बघितलं ते सांगते. खोलीतले दिवे त्यांनी कमी केले. डॉक्टरीणबाईने माझ्या तोंडात एक बारीक नळी धरली, तिच्यातून निळा उजेड. समोर पडदा होता, त्यावर माझा गाल दिसत होता आतून. आणि डाग पेटल्यासारखा लाल दिसत होता. फुलाच्या पाकळीएवढा लाल. साध्या डोळ्यांना जेवढा दिसायचा त्याहून मोठा, एका बाजूने त्याला शेपटी फुटलेली. डॉक्टरीणबाई त्या शेपटीवर बोट ठेवून म्हणाली, ही आपल्याला आधी दिसत नव्हती. औषधाने दाखवली.

मी बघतच राहिले. ह्यांच्या वेळेला डॉक्टर अंदाजाने जास्तीचं कापायचे, सगळं निघालं पाहिजे म्हणून. इथे रोग स्वतःच उठून सांगतोय, मी इथून इथपर्यंत आहे. हे करणारी माणसं कोण, कुठल्या देशात बसून त्यांनी एवढे बारीक कण घडवले, मला नाही माहीत. पण मनात आलं, ह्यांना एकदा आपल्या हातची भाकरी खायला घालावी.

मग दुसरा उजेड, तांबडा. डोळ्यांवर पट्टी, बाकीच्या तोंडात काळं ओलं कापड, फक्त ती जागा उघडी. वेल्डिंगसारखी आग असेल असं मला वाटलेलं. सुरुवातीला काहीच नाही. मग टोचल्यासारखं, मग चटका लागल्यासारखं. सिस्टरने माझा पाय धरून ठेवला होता. "बस अम्मा, हो गया अम्मा, यल्ला यल्ला." यल्ला म्हणजे चला. मी काजू फोडलेली बाई, मी हलले नाही.

घरी आल्यावर गाल सुजला. आतून काळी खपली धरली. पातळ पेज नळीने प्यायची. दुखायचं, गोळ्या होत्या. बोलायला गेलं की नुसता आवाज निघायचा, शब्द नाही. आणि त्या खोलीत मी दिवाही लावू देत नव्हते, एवढी बाळंतीण झाले होते. अंधारात मी हात केले तरी कोणाला दिसत नव्हते. ह्यांना निदान पाटी होती, खुणा होत्या. मला तेही नाही. नात शाळेतून आली की अंधारात माझ्याजवळ बसायची, तिच्या तळहातावर मी बोट फिरवायची. पाणी हवं तर गोल, पांघरूण हवं तर आडवं. ती इंग्लिशमध्ये काहीबाही सांगत राहायची. मला कळायचं नाही, पण आवाज बरा वाटायचा.

हळूहळू सूज उतरली. पण मी बोलून बघितलं नाही. बोलायला गेले आणि नाहीच आलं तर? गप्प राहिलं की निदान कळत तरी नाही.

सिस्टरने एक परीक्षा सांगून ठेवली होती. कागदाची पिशवी घ्यायची, तिला कुंकवाएवढं भोक पाडायचं, हात आत घालून ते भोक उन्हात धरायचं थोडा वेळ, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. लाल झालं तर अजून बाहेर पडायचं नाही. करामाच्या फरसाणवाल्याची पिशवी होती, तेलाचे डाग पडलेली. बाल्कनीचं दार किलकिलं करून मी मनगटापाशी ते भोक धरलं. दुसऱ्या दिवशी दार किलकिलं करून बघितलं तर तिथे लाल गोळा, कुंकू लावल्यासारखा, आणि हात लावला की आग. ठीक, मनात म्हटलं, अजून वेळ आहे. आठवड्याने परत केलं, दुसऱ्या हाताला. परत तसाच. जरासुद्धा कमी नाही.

मुलगा घाबरला. मला म्हणाला, "आये, हे औषध तुला मानवलं नाय वाटतं. मी तुला ह्यात घालायला नको होतं." तो हे ह्यांच्यासारखाच हलक्या आवाजात म्हणाला. मला सांगायचं होतं, तुझी चूक नाही बाबा. अंधारात काय सांगणार.

सुनेने सिस्टरला व्हिडिओ लावला. सिस्टरने विचारलं, "अम्मा घर में कैसे रहती है? दिखाओ." मुलाने दिवा लावून फोन खोलीभर फिरवला, मोठ्या अभिमानाने. बघा, एक चीर नाही.

सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो! ये क्या किया भैया! मैंने धूप से बचाने को बोला था, कबर में रखने को नहीं!"

मग तिने समजावलं. कातडीत उरलेलं औषध घरातल्या सौम्य उजेडात रोज थोडं थोडं खर्ची पडतं, इतकं थोडं की इजा होत नाही. तसं ते संपायला पाहिजे. ठार अंधारात ठेवलं तर ते नुसतं झोपून राहतं, जसंच्या तसं. ऊन नको, पण साधा उजेड हवाच. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून, जीव लावून, ते औषध माझ्या अंगात जपून ठेवलं होतं.

सून म्हणाली, "हॉस्पिटलने सूचनांचा कागद दिला होता, त्यावर लिहिलेलं असेल, आपण नीट वाचलं नाही." मुलगा उठला. स्टूल आणायला गेला, ओट्यावरचा चमचा घेतला.

तर ती ही वेळ, जी मी सुरुवातीला सांगितली. सिस्टर सांगेल तसा तो कागद काढत होता. उन्हाची खिडकी तशीच ठेवली, दुसऱ्या बाजूची, जिथे समोरच्या इमारतीची सावली पडते, तिचा कागद काढला आणि जाड पडदा लावला. पडद्यातून उजेड गाळून येतो तसा आला. पिठासारखा. कितीतरी दिवसांनी मला माझ्या माणसांची तोंडं नीट दिसली. मुलाची दाढी वाढलेली. सून वाळलेली. तिने माझी पेज आणली होती, आज तिच्यात जरा आमटी घातलेली, घट्ट. माझ्यापुढे वाटी धरून बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. फोनमधून सिस्टरही.

मी घोट घेतला. गालात कळ आली, पण खपली निघालेली होती, जीभ फिरली.

मी म्हटलं, "गो, आमटीत मीठ नाय."

मग सून म्हणाली, "डॉक्टरांनी तिखट-मीठ कमी सांगितलंय." आणि रडायला लागली. मुलगा स्टुलावरच बसला. नात म्हणाली, "आजी टॉक्ड! शी टॉक्ड!" सिस्टर फोनमध्ये म्हणाली, "अम्मा क्या बोली? क्या बोली?" सून रडत रडत सांगते, "नमक का शिकायत किया."

सिस्टर म्हणाली, "तो फिर ठीक है."

सासूच्या टोमण्याला कोणी इतकं रडलेलं मी बघितलेलं नाही.

त्यानंतर उजेडातच राहिले, पडद्याआडून. पिशवीची परीक्षा परत केली, लाल गोळा फिका आला. त्याच्या पुढच्या वेळी आलाच नाही. मग एका सकाळी, ऊन चढायच्या आत, मुलाने मला खाली समुद्राच्या कडेला चालायला नेलं. बोलत बोलत गेलो. मीच बोलत होते. तो म्हणाला, "आये, जरा दम घे." मी म्हटलं, "इतक्या दिवसांचं साठलंय."

डॉक्टरीणबाईने परत तुकडा काढून तपासला. आता तिथे काही नाही. ती म्हणाली, संपलं असं मी म्हणणार नाही, तुम्हाला दाखवायला येत राहावं लागेल. मी म्हटलं, येईन. गालात आतून जरा ओढल्यासारखं होतं, तोंड पहिल्याएवढं उघडत नाही. भाकरी कुस्करून खाते. बोलणं कसं आहे ते सून लिहून घेतेच आहे.

ह्यांच्या वेळेला हे औषध नव्हतं. मी त्याचा विचार करत नाही फार. एकदाच केला, पडद्यावर ती लाल पाकळी बघताना.

आता माझं एवढंच मागणं आहे. हे वाचणाऱ्याच्या घरात कोणी आई, आजी, काकी असेल, मिश्री लावणारी किंवा तंबाखू खाणारी, आणि ती एका बाजूने जेवत असेल, चटणी बाजूला सारत असेल, तर तिला तोंड उघडायला सांगा. फोनची बॅटरी लावून आत बघा. पांढरा, लाल, कसलाही डाग दिसला आणि तो जात नसेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. आणि डॉक्टरने जो सूचनांचा कागद दिला तो तिला मोठ्याने वाचून दाखवा, पूर्ण, शेवटपर्यंत.